मालवणची वाट, तेव्हाची आणि आताची

मुंबईहून मालवणला बोटीने जाता येत असे, हे आता विशीतल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं घेत मालवण-वेंगुर्ल्याकडे उतरायची आणि दुसऱ्या दिवशी पणजीला लागायची. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही बोटींची नावं आमच्या पिढीला अजून तोंडपाठ आहेत. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद व्हायच्या, त्या थेट पावसाळा सरल्यावर, समुद्र निवळला की सुरू व्हायच्या. ऐंशीचं दशक सरता सरता त्या कायमच्याच थांबल्या.

माझं लग्न १९७९ सालचं. माहेर गिरगावात, सासर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी निघाले ती मे महिन्यात, याच बोटीने. धक्क्यावर आत सोडायला सुरुवात झाली तसे हे आणि माझे धाकटे दीर पुढे धावले आणि डेकवर सतरंज्या अंथरून त्यांनी जागा धरली. त्या दोन सतरंज्यांवर सासूबाई, दोन नणंदा, नणंदेची लहान मुलं, एक पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, भाकऱ्यांचं गाठोडं आणि मी. बोट लागू नये म्हणून प्रत्येकीजवळ लिंबू आणि आवळासुपारी. तरी दुपारपर्यंत निम्मा डेक आडवा झालेला. इंजिनाच्या तेलाचा वास, खारा वारा, कुणाच्या तरी टोपलीतल्या सुक्या मासळीचा दर्प आणि त्यातच कुणीतरी सुरात म्हटलेलं भजन.

मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राहायची आणि भोंगा द्यायची. मग किनाऱ्यावरून कंदील घेतलेले पडाव हलत हलत जवळ यायचे. अंधारात शिडीच्या शेवटच्या पायरीवर मी उभी, नवी साडी वर खोचलेली, खाली पडाव लाटेबरोबर वर-खाली होतोय आणि खलाशी हात पुढे करून ‘आता!’ म्हणून ओरडतोय. त्या एका क्षणी पाय टाकायचा असतो, मागेपुढे पाहिलं की संपलं. मी पाय टाकला. सासूबाईंनी नंतर गावभर सांगितलं की मुंबईची असूनही सून घाबरली नाही. सासरी मला मिळालेलं ते पहिलं कौतुक, म्हणून ती रात्र पक्की लक्षात राहिली आहे.

त्या दिवसभरात समुद्र मात्र मी पाहिला नाही. म्हणजे तो चारी बाजूंना होता. पण मुलांना ओकाऱ्या होत होत्या, सासूबाईंना पाणी हवं होतं, शौचालयाच्या रांगेत नणंदेबरोबर कुणीतरी उभं राहायला हवं होतं. नव्या नवऱ्याशी सबंध प्रवासात दहा वाक्यंही बोलले नसेन. चार माणसांत ते शोभत नसे. हे कठड्याशी पुरुषमंडळींत उभे राहून दीपगृहं ओळखत होते आणि मी ट्रंकेला टेकून बसले होते.

जुन्या दिवसांबद्दल लिहिताना ‘तेव्हा सगळं कसं निवांत होतं’ असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. तेव्हाचा प्रवास हळू होता, पण निवांत नव्हता. निदान बायकांसाठी तर नव्हताच. हळूपणा आमच्यावर लादलेला होता. बोट हळू, एसटी हळू, घाट हळू, आणि त्या सगळ्या वेळात कुणाचं तरी काहीतरी करणं आमच्याकडे. निवांतपणा म्हणजे वेळ आपल्या हाती असणं, आणि तो आमच्या हाती यायला आयुष्याची साठी उलटावी लागली.

बोटी गेल्यावर आमच्या वाट्याला एसटीची रातराणी आली. परळहून किंवा मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी बसायचं आणि कर्नाळा, कशेडी, परशुराम असे घाट ओलांडत दुसऱ्या दिवशी सकाळ उलटताना अवघडलेल्या पायांनी मालवणला उतरायचं. त्या प्रवासात मी रात्रभर पाणी प्यायचे नाही. माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा, ती कारण सांगेल. १९९८ साली कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली आणि कुडाळला उतरून दिवसाउजेडी घरी पोचता येऊ लागलं. रेल्वेचे उपकार कोकणी माणसाने विसरू नयेत. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा उंच पूल ही माणसाच्या कर्तबगारीची ठिकाणं आहेत. पण ही रेल्वे समुद्रापासून पुष्कळ आतून जाते. रेल्वे आली आणि किनाऱ्याची गावं आमच्या वाटेवरून उठली. जयगड, विजयदुर्ग, देवगड ही नावं बोटीच्या दिवसांत आमच्या रस्त्यावरची स्टेशनं होती. ती पुढे वर्तमानपत्रात वाचायची नावं झाली. आता चिपीला विमानतळही झाला आहे.

दोघेही निवृत्त झाल्यावर ह्यांनी एकदा विचारलं, “बोटीच्या वाटेने जायचं का, पण जमिनीवरून?” म्हणजे किनारा धरून, खाडीमागून खाडी ओलांडत, थेट मालवणपर्यंत. माझ्या भाच्याने कोल्हापूरला एका वर्कशॉपमध्ये गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर बांधून घेतला होता. तोच म्हणाला, “आत्या, घेऊन जा. उन्हाळ्यापर्यंत तो नुसता उभा आहे.” सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा ट्रेलरचाही विचार आहे. आमच्या वाटेवर मात्र तो पाहिलेली माणसं फार थोडी भेटली.

त्या ट्रेलरचं थोडं वर्णन करते, कारण लोकांनी वाटेत सगळ्यात जास्त तेच विचारलं. आत दोन माणसं झोपतील एवढा पलंग, त्याखाली कपडे ठेवायचे कप्पे. मागचं दार वर उचललं की खाली ओटा, दोन शेगड्या, गॅस आणि हात धुवायचं छोटं भांडं. टपावर सोलर पॅनेल, त्यावर दिवा, पंखा आणि फोन चालतो. पाण्याची टाकी. आणि एका कोपऱ्यात पडद्याआड उचलून नेता येणारं छोटंसं शौचालय. या शेवटच्या वस्तूची किंमत पुरुषांना कळायची नाही. डेकवरची ती रांग आणि रातराणीतली ती तहान ज्यांनी सोसली आहे त्यांनाच कळेल. या प्रवासात मी मला हवं तेव्हा हवं तेवढं पाणी प्यायले.

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला घाई करता येत नाही. जोडाच्या आकड्यावर किती भार येतो हे सामान भरतानाच पाहावं लागतं. जड सामान मागे भरलं तर ट्रेलर रस्त्यावर हेलकावे खाऊ लागतो. मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला वळवावं लागतं. कोकणात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, समोरून एसटी आली तर एकाला मागे जाणं भाग, आणि बहुतेक वेळा ते आम्हालाच. भाच्याने आम्हा दोघांना एका मोकळ्या मैदानात हे सगळं शिकवलं. आम्ही दोघेही आळीपाळीने चालवत होतो. मी गाडी शिकले ती पन्नाशीनंतर, पण ट्रेलर मागे घेण्यात माझा हात ह्यांच्यापेक्षा बरा बसला, हे हेच सगळ्यांना सांगतात.

अलिबाग, मुरुड भराभर मागे टाकलं. तिथे शनिवार-रविवारची मुंबई इतकी आलेली असते की आपण घरून निघालो आहोत असं वाटत नाही. आगरदांड्याला फेरीबोटीवर गाडी चढवून दिघीला उतरलो तेव्हा खरा प्रवास सुरू झाला. दिवेआगरला एका सुपारीच्या वाडीत जागा मिळाली. तिथल्या मावशींनी वाडीतल्या मोकळ्या आभाळाकडे बोट दाखवून सांगितलं की ३ जून २०२०च्या निसर्ग वादळापूर्वी इथे भर दुपारी जमिनीवर ऊन पडत नसे. सुपारीचं झाड लावल्यापासून हाताशी पीक येईपर्यंत काही वर्षं जातात, नारळाचंही तसंच. आजोबांनी लावलेलं एका सकाळीत आडवं झालं. नवी रोपं गुडघ्याच्या वर आली आहेत. मावशी ती रोपं दाखवत होत्या आणि वादळाची गोष्ट मध्येच सोडून देत होत्या. माणसं वाडी पुन्हा उभी करताहेत, एवढं पाहून आम्ही पुढे निघालो.

बाणकोटच्या खाडीवर बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट आहे. तिथे ओहोटी होती. फेरीवरचा पोरगा म्हणाला, “काका, भरती येऊ द्या. आत्ता चढवलीत तर मागचं घासेल.” मग थांबलो. आमच्याबरोबर थांबले होते आंब्याची पिकअप घेऊन निघालेले दोघे, मोटारसायकलवर सासू आणि सून, आणि बाजार करून परतणारी एक म्हातारी. कुणी कलिंगड कापलं. कुणी आमच्या ट्रेलरमध्ये डोकावून पाहिलं. मी मागचं दार उघडून चहा ठेवला, तो सगळ्यांना घोट घोट पुरला. बोटीच्या दिवसांत जे डेकवर व्हायचं ते इतक्या वर्षांनी त्या खाडीच्या काठावर झालं, आणि या वेळी कुणाचं काही करण्याची सक्ती नव्हती. चहा मी माझ्या हौसेने केला होता.

त्याच गप्पांत पुलाचा विषय निघाला. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग करायची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. आता कुठे मोठ्या खाड्यांवरच्या पुलांची कामं निघाली आहेत. मी म्हातारीला म्हटलं, “पूल झाला की ही मजा जाईल.” ती शांतपणे म्हणाली, “मजा तुमची. माझ्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा फेरी बंद होती. फिरून न्यावी लागली.” सून आणि नातू दोघंही सुखरूप आहेत, हेही तिने सांगितलं. पण मी त्यावर काय बोलणार? पूल झालाच पाहिजे. जो माणूस एकदा हौसेने येतो त्याने रोज खाडी ओलांडणाऱ्याला थांबून राहा म्हणू नये.

वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहिली. आमच्या लहानपणी या किनाऱ्यावर कासवाची अंडी सापडली की ती घरी जायची किंवा बाजारात. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली इथे संवर्धनाचं काम हाती घेतलं. गावकऱ्यांना बरोबर घेतलं. आता गावातलीच माणसं पहाटे किनारा चालून घरटी शोधतात, अंडी कुंपणाच्या आत पुरतात आणि दीडपावणेदोन महिन्यांनी पिल्लं निघाली की वाळूवर सोडतात. हाताच्या अर्ध्या तळव्याएवढं ते पिल्लू लाटेकडे चालत जातं, लाट त्याला मागे फेकते, ते पुन्हा निघतं. शंभर-दीडशे माणसं दोरीच्या अलीकडे उभी आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. तेव्हापेक्षा आता कोकणात काय चांगलं झालं असं कुणी विचारलं तर मी आधी वेळासचं नाव घेईन.

पुढे केळशी, आडे करत आंजर्ल्याला आलो. आंजर्लं माझ्या मावशीचं सासर. लहानपणी आम्ही हर्णैपर्यंत एसटीने यायचो, पाजपंढरीच्या बाजूला खाडीशी उभं राहून होडीवाल्याला हाका मारायचो. तो पलीकडे जेवत असेल तर जेवण होईपर्यंत थांबायचं. मावशीचे यजमान पलीकडच्या काठावर आधीच येऊन उभे असायचे, कारण आमचं पोस्टकार्ड पोचलेलं असायचं. होडीतून उतरलं की गुडघाभर चिखल, आणि मग आळीतून घरापर्यंत ज्याच्या त्याच्या पडवीतून चौकशी. आता पूल आहे. आम्ही ट्रेलरसकट दोन मिनिटांत तो ओलांडला. कड्यावरच्या गणपतीला वर गाडी जाते. मावशीच्या आळीत शांतता होती. बरीच घरं बंद, काही घरांवर ‘रूम्स उपलब्ध’ अशा पाट्या. पडवीतून कुणी विचारलं नाही, कारण पडवीत कुणी नव्हतंच. मला पुलाबद्दल तक्रार नाही. माझं मन उदास झालं ते त्या पडव्यांमुळे.

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव मात्र तसाच गजबजलेला. वाळूत मासळीचे ढीग, बैलगाड्यांच्या जागी टेम्पो, बाकी बोली तीच, चढा आवाज तोच. सुरमई, पापलेटचे भाव ऐकून आम्ही बांगड्यांकडे वळलो. त्या रात्री एका ओळखीच्यांच्या आवारात, फणसाखाली ट्रेलर लावून मी बांगड्यांचं तिखलं केलं. तिरफळं घरून आणलीच होती. आणि जेवण झाल्यावर ह्यांनी भांडी घासली. आमच्या संसारात हे कधी झालं नव्हतं, आणि सासूबाईंच्या समोर होणं शक्यच नव्हतं. नळाखाली बसून ते तवा घासत होते, मी अंथरुणावर पाय पसरून समुद्राची गाज ऐकत होते. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशीपासून ते नेमाचंच झालं.

दाभोळला वाशिष्ठीची खाडी. पलीकडचं धोपावे समोर दिसतं, पण २००३ साली इथे गाड्या नेणारी फेरीबोट सुरू होईपर्यंत गाडीने जायचं तर चिपळूणला वळसा घालावा लागे. आता थोड्याच वेळात पलीकडे. त्यापुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. शिमग्याचे दिवस होते. एका गावात रस्ता बंद, कारण पालखी येत होती. ढोल जवळ आले, पालखी खांद्यावरून डोक्यावर, डोक्यावरून पुन्हा खांद्यावर नाचत आमच्या ट्रेलरसमोर आली आणि थांबली. एका गृहस्थांनी विचारलं, “घर आहे ना हे? मग ओटी भरा.” माझ्याकडे तांदूळ होते, नारळ होता. चाकांवरच्या त्या दोन माणसांच्या खोलीसमोर ग्रामदेवतेची पालखी उभी राहिली, मी ओटी भरली, गाऱ्हाणं घातलं गेलं. मी शिक्षिका होते. शिमगा ऐन परीक्षांच्या हंगामात, त्यामुळे नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला तो कधी मिळाला नाही. तो असा, रस्त्यात भेटला.

तवसाळहून जयगडला उतरल्यावर बराच वेळ बंदराकडे पाहत उभे राहिलो. बोटीच्या दिवसांतलं जयगड म्हणजे दीपगृह, चार होड्या आणि पडावातून चढणारी माणसं. आता तिथे प्रचंड मालवाहू जहाजं लागतात. गणपतीपुळ्याची गर्दी टाळून मालगुंडला केशवसुतांच्या घरी गेलो, आरे-वारेच्या वळणावर दुपार काढली. रत्नागिरी शहर ट्रेलर घेऊन ओलांडणं हे काम आहे, ते मी ह्यांच्यावर सोडलं. पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग. एकेक नाव घेताना बोटीचा भोंगा मनात वाजत होता. देवगडला हापूसच्या पेट्या भरल्या जात होत्या. बोटीतून परतताना डेकभर ज्या वासाने झोप लागायची, तो वास तिथे गवतात भरलेल्या आंब्यांना होता.

आणि मग सासर. सासूबाई गेल्यापासून घर बंद आहे. हिस्सेदार पुष्कळ, प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो, आणि दरवर्षीच्या पावसात कौलं सरकतात. माजघरावरचं छप्पर वाकलं आहे, आत झोपणं धोक्याचं. म्हणून आम्ही ट्रेलर आमच्याच खळ्यात, तुळशीसमोर उभा केला. गडग्यापलीकडच्या काकी काठी टेकत आल्या. “गे बाय, ह्यां काय हाडलंस? घर आसताना घर घेवन इलंस?” मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी ते सुचू न देताच पुढे म्हटलं, “पाणी व्हया तर आमच्या बावीचा घेवा,” आणि सुरंगीचा वळेसर माझ्या हातात ठेवला. मार्चात सुरंगी फुलते. त्या घरात मी तो गजरा शेवटचा कधी माळला हे आठवायचा प्रयत्न केला. आम्ही नेहमी मे महिन्यात किंवा गणपतीत यायचो, तेव्हा सुरंगी नसते. म्हणजे मी तो सासरी कधी माळलाच नव्हता.

पहाटे ह्यांच्याबरोबर किनाऱ्यावर गेले. पूर्वी या वेळी रापण ओढली जायची. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, दोर खांद्यावर, जाळं जवळ येईल तसा वाढत जाणारा आवाज. वाटेने जाणाऱ्यानेही दोराला हात लावला तर त्याच्या वाट्याला मूठभर मासळी यायची. माझे सासरे असे वाटे घेऊन येत आणि सासूबाई पहाटेच चूल पेटवत. आताही रापण होते, पण क्वचित. खोल पाण्यात पर्ससीन जाळी आणि रात्री प्रखर दिव्यांवर होणारी मासेमारी किनाऱ्याजवळ येणारी मासळी आधीच उचलते, असं रापणकार सांगतात, आणि त्यांच्या म्हणण्यात मला तथ्य वाटतं. तारकर्लीकडे पॅरासेलिंगच्या छत्र्या वर चढतात, स्कूबाच्या होड्या निघतात. रापणकारांची मुलं त्या होड्या चालवतात. त्यांच्या हाती पैसा आला, ही चांगली गोष्ट झाली. पण दोराला हात लावणाऱ्या परक्या माणसाला मासळीचा वाटा देणारा किनारा पुन्हा दिसेल असं मला वाटत नाही, आणि त्याचं दुःख मी लपवत नाही.

खळ्यात राहिलो तेवढ्या दिवसांत ह्यांनी हिस्सेदारांना फोन केले. माजघरावरचं छप्पर पावसाळ्यापूर्वी बदलायचं ठरलं आहे, खर्च वाटून घ्यायला सगळे तयार झाले. मालवणच्या सुताराकडून वाशांचा अंदाजही घेतला.

माझ्या वयाच्या जोडप्यांना एवढंच सांगायचं आहे: ट्रेलर नसला तरी चालेल, साधी गाडी, गावातल्या एखाद्या घरी खोली आणि हाताशी वेळ असला की झालं. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. गाडी वाळूवर नेऊ नका, रुतते आणि किनाराही नासतो. कुणाच्या आवारात थांबायचं तर आधी विचारा, आपला कचरा आणि सांडपाणी आपल्याबरोबर न्या, मासळी-भाजी त्याच गावात विकत घ्या. खाड्यांवरचे पूल होतील आणि ते व्हायलाच हवेत. तोवर आगरदांडा, वेश्वी, दाभोळ आणि तवसाळ या चारही ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवता येते. ओहोटीच्या वेळी पोचलात तर काठावर थांबायची तयारी ठेवा आणि चहाचं सामान बरोबर असू द्या.